मशीनपुरती लाईट

३ फेब्रुवारी
मशीन आज पुन्हा ओरडलं. दुपारी गहू भिजवायला सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की लाईट बसते. पंख्याची पाती मोजता येतात. मग ऑक्सिजनचं मशीन टूंऽ करतं आणि बंद. गयाच्या नाकातली नळी मग नुसतीच नळी. ती मला घाबरू नका म्हणते, आणि तेवढं म्हणायलाही तिला दोनदा थांबावं लागतं.

सिलेंडर उघडला. काटा अर्ध्यावर. सेलूहून भरून आणायचा म्हणजे दिवस जातो. त्या दिवशी हिच्याजवळ कोण? शेजारची कौसाबाई बसते, नाही म्हणत नाही, पण तिच्यामागं शेळ्या आहेत.

परभणीचे डॉक्टर म्हणाले होते, चुलीच्या धुरानं फुप्फुसं गेलीत, आता दिवसरात्र मिळून सोळा तास तरी मशीन पाहिजे. गावात लाईट असते ना? मी हो म्हणालो. असते म्हणजे असते.

५ फेब्रुवारी
दिगंबरचा पुण्याहून फोन. नेहमीचंच. "आबा, आईला घेऊन इकडं या." इकडं म्हणजे एक खोली, एक किचन, चौथा मजला. गया ऐकू येईल एवढ्यानं म्हणाली, "तिथं खिडकीतून भिंत दिसती. भिंत बघायला कशाला जायचं?"

पोराची चूक नाही. दिवाळीत त्यानंच स्टॅबिलायझर पाठवला. चांगला आहे, पण लाईट फार खाली गेली की तो स्वतःच बंद होतो. इन्व्हर्टरही आणून बघितला. त्याची बॅटरी भरायला लाईट लागते, आणि लाईटच बसलेली. थोड्या वेळात तोही दमतो.

आज दिगंबरनं मशीनचं पुस्तक फोटोवरून वाचून दाखवलं. जिथं लाईट खराब तिथं पावर कंडिशनर लावा, असं लिहिलंय. सेलूत फोन करून विचारलं. आमच्याइतक्या खालच्या लाईटवर चालेल अशी हमी कोणी देईना.

दिवसभर तो एक शब्द डोक्यात. आपल्याला बनवता येईल का?

६ फेब्रुवारी
हत्यारांची जुनी पेटी काढली. सोल्डरिंग आयर्न चालू झालं, आश्चर्य. व्होल्टेज मोजायच्या मीटरचा काटा थोडा अडकतो.

माझं शिक्षण सातवी. मानवतच्या जिनिंगमध्ये मशिनींना तेल द्यायचो. पाळी सुटली की रेडिओच्या दुकानात फुकट बसायचो, बघून बघून शिकलो. आयुष्यात तीन रेडिओ जोडले, एक ॲम्प्लिफायर. ॲम्प्लिफायर पहिल्याच लग्नात जळाला. एवढीच कमाई.

गयानं पेटी बघितली. म्हणाली, "रेडिओ वाजवून झाले. आता मला वाजवा."

हसली, मग खोकला. बराच वेळ.

१० फेब्रुवारी
मीटर लावून बसलो. दुपारी लाईट निम्म्याला टेकते, हे माहीत होतं. पण वारा सुटला की बल्ब एकदम पांढरा फटक होतो आणि काटा तीनशेकडं पळतो, हे आज नीट बघितलं. गावच्या डीपीवर न्यूट्रलची, म्हणजे परतीची तार सैल आहे, काळी पडलेली. हलली की कुणाच्या घरात अंधार आणि कुणाच्या घरात टीव्ही जळतो. म्हणजे कमी असली तर वाढवायची, जास्त झाली तर कापायची, झटका आला तर गिळायचा. आणि हे सगळं हिचा एक श्वास चुकायच्या आत.

भीती वाटते. रेडिओ बंद पडला तर गाणं बंद पडतं.

१३ फेब्रुवारी
मानवतला गेलो. मुनीर मिस्त्री जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो, त्याच्या बापापासून ओळख. कागदावर काढलेलं दाखवलं. पावर कंडिशनर म्हणालो तर पोट धरून हसला. "चाचा, कंडिशनर तर आमची पोरगी डोक्याला लावती!"

मग गंभीर झाला. कशासाठी ते सांगितल्यावर.

"देखो चाचा, ट्रान्सफॉर्मर मी भरून देतो. तांब्याचा. टॅप, म्हंजे लाईट चढवायच्या पायऱ्या, किती पाहिजे सांगा. पण तुमची लाईट नाचती. वर बी जाती, खाली बी जाती. मग तुमचा रिले कट-कट-कट करत बसणार, अन् तेवढ्यात चाचीचं मशीन बंद."

"मग काय करू?"

"खालीच राहणारी लाईट असली तर उचलता येती. नाचणारी उचलता येत न्हाई. पहले तिला एका जागी बसवा."

चहा पाजला. एसटीत सगळी वाट तेच वाक्य. एका जागी बसवा.

१६ फेब्रुवारी
वायरमन भेटला, पानटपरीवर. न्यूट्रलची तार बदला म्हणून हात जोडले. म्हणाला, "मामा, तार वरून मंजूर होऊन येती. मार्च एंडिंग होऊ द्या, मग बगू."

मी म्हणालो, बायको मशीनवर आहे.

"मग तवर अर्थिंगवर घ्या की. अर्ध्या गावाचे बल्ब अर्थिंगवर चालायलेत. मी काई बगितलं न्हाई."

खरंच आहे. तुटक्या न्यूट्रलची वाट कोण बघतो. लोक जमिनीत पाइप ठोकतात, दुसरी तार त्याला बांधतात, की लागला बल्ब. डीपीवरची तार कितीही नाचो, जमीन नाचत नाही.

हे मला आधी का सुचलं नाही!

१९ फेब्रुवारी
घरामागं खड्डा घेतला. आमची मागची भिंत आणि कौसाबाईचा शेळ्यांचा वाडा, त्याच्यामध्ये जागा आहे तिथं. मला कमरेएवढा खोदताना दम लागला, मग तिचा मालक आला आणि उरलेला त्यानं खोदला. लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा, खडेमीठ, वर पाणी.

कौसाबाई कुडावरून बघत होती. "मामा, जमिनीत लोणचं घालायलाव का काय?"

"होय. लिंबाचं."

"मग फोडी कुठंयत?"

गयाला आत जाऊन सांगितलं. तिला लय आवडलं. संध्याकाळी कौसाबाई दूध घेऊन आली. चंद्री नावाची तिची शेळी आहे, पांढरी, एक शिंग वाकडं, तिचं दूध ती हिच्या चहाला देते. तेव्हा गया म्हणाली, "लोणचं मुरलं का बघून ये गं."

मीटर लावला. लाईट खाली आहे, पण एका जागी. नाचत नाही. वारा सुटला तरी काटा हलला नाही. मी एकटाच हसलो.

२३ फेब्रुवारी
ट्रान्सफॉर्मर आणला. पोत्यात गुंडाळून, एसटीत पायाशी. कंडक्टर म्हणाला, "बाबा, पाटा नेताव का वरवंटा?" मुनीरनं टॅपच्या तारांना रंगीत चिंध्या बांधून दिल्यात, म्हाताऱ्याला कळावं म्हणून. चांगला माणूस.

२६ फेब्रुवारी
महाशिवरात्र. गयाला उपास करू नको म्हणालो, तिनं केलाच. रताळं खाल्लं थोडं.

लाईट बसली की आपोआप टॅप बदलणारे रिले बसवले. चष्मा असूनही सोल्डरचा टाका दोनदा चुकीच्या पायावर पडला. पंखा आणि दोन बल्ब लावून बघितले. लाईट बसली की आतून कट आवाज येतो आणि बल्ब सावरतो. छान वाटतं ऐकायला. एखादं माणूस पडता पडता सावरावं तसं.

हिला लावायची हिंमत नाही.

२ मार्च
धूर. कपॅसिटर फुगला आणि फुटला. पत्र्याच्या डब्यात होता म्हणून बरं. घरभर वास. गया खोकून खोकून लाल झाली, तिला धूर चालत नाही आणि मीच केला. सिलेंडर लावला. कौसाबाईनं तिला अंगणात नेऊन बसवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, जिवंत ठेवायची हाय न्हवं?"

चेष्टेनंच म्हणाली. लागलं.

३ मार्च
काही केलं नाही. कपॅसिटरचा कोळसा बघत बसलो. दिगंबरला सांगितलं नाही.

५ मार्च
चूक सापडली. मी जुना ॲम्प्लिफायरचा कपॅसिटर वापरला होता, तो या कामाचा नाही. मुनीरला फोन केला. त्याचे रोजे चालू, आवाज बारीक. दोन नवे एसटीच्या ड्रायव्हरजवळ पाठवतो म्हणाला. वर, "चाचा, पुराना माल तुमी अन् मी पुरे."

झटका गिळणारा काळा बटणासारखा पार्टही मागवला. सुरू होताना मशीन जास्त ओढतं, ते सोसायला एक टॅप आणखी. खड्ड्यात पाणी वाढवलं की लाईट थोडी वर येते, हे कळलं. मीठ टाकलं की आणखी. आता सकाळ-दुपार-संध्याकाळ तीन बादल्या.

९ मार्च
आज लावलं.

सिलेंडर शेजारी उघडून ठेवला, हात चावीवर. मशीन धडधडलं. कंडिशनर दोनदा कट-कट. मग स्थिर. हिरवा दिवा. सगळ्या गावच्या मोटारी चालू, पंखा रेंगाळतोय, आणि मशीन मात्र सकाळसारखं चालतंय.

गया मला बघत होती. मी मशीनला. थोड्या वेळानं म्हणाली, "बसा की. उभ्यानं काय राखण करायलाव?" आणि झोपली. दुपारी झोपली! कितीक दिवसांनी. तोंड उघडं न ठेवता.

बनवता येतो का? येतो. त्याच्यावर हिला सोडून मी उठून जाऊ शकतो का? पाणी प्यायलाही गेलो नाही.

११ मार्च
दोन दिवस चांगले गेले. दिगंबरला सांगितलं. तो म्हणाला, "आबा, तुमी बनवलं?" त्याच्या आवाजात शंका होती का आनंद, कळलं नाही. फोनवर कळत नाही.

गया अंगणात येऊन बसली, लांब नळी ओढून. कौसाबाईच्या नातीनं नळीला हात लावून विचारलं, "यातून काय येतं?" गया म्हणाली, "या आजोबाची लाईट."

१४ मार्च
धुळवड. पोरं रंग घेऊन आली, दारातूनच परत पाठवली, हिला सोसणार नाही म्हणून. मग वाईट वाटलं.

ऊन वाढलं. खड्डा दुपारी कोरडा पडतो. कोरडा पडला की लाईट आणखी बसते, कंडिशनर आणखी जोर लावतो, आणि जेवढा जोर लावतो तेवढी लाईट पुन्हा खाली. आडातून दोघांनी एकाच दोरावर ओढावं तसं. मी पाणी ओततो. मिठाचं अख्खं पोतं आणून ठेवलं.

कौसाबाईच्या शेळ्यांना मिठाचा नाद लागलाय. वाड्यातून सुटल्या की थेट तिथं, ओली माती चाटतात. हुसकल्या तर भिंतीमागून परत. मी म्हणालो, कौसाबाई, शेळ्या आवर, पाइप हलवतील. ती म्हणाली, "तुमीच लोणचं घातलं, आता वास आल्यावर पाव्हणे येणारच की."

१८ मार्च
सगळं ठीक. लिहायला काही नाही. असे दिवस जास्त यावेत.

२१ मार्च
चंद्री मेली.

दुपारी. मशीन चालू होतं. मागून एकच आवाज आला, शेळीचा वाटलाच नाही. गेलो तर ती पाइपाशी आडवी, तोंड मातीत, पाय ताठ. कौसाबाई धावत आली. मी ओरडलो हात लावू नको, का ओरडलो ते तेव्हा मलाच कळलं नव्हतं. आत पळालो, मेन बंद केला. मशीन टूंऽ. इकडं कौसाबाईचं रडणं, आत हिचं हाका मारणं. मी मधल्या दारात उभा. कुणीकडं जाऊ?

हिच्याकडं गेलो. सिलेंडर लावला.

कौसाबाईचा मालक म्हणाला, पान लागलं. साप असंल. जखम शोधत होते खुरापाशी.

२२ मार्च
काल सापच म्हणून गेले सगळे. मला माहीत होतं साप नाही. तरी एकदा बघावं म्हणून सकाळी मशीन लावलं, मीटर घेऊन मागं गेलो. मीटरची एक तार पाइपाला, एक लांब मातीत खोचली. काटा झेपावला. पाइपापासून लांब, नुसत्या ओल्या मातीत खोचून बघितलं. तिथंही काटा हलतो.

बल्बाला लाईट किती लागते, चिमूटभर. ती जमिनीत जिरते, कुणाला कळत नाही, म्हणून अर्धं गाव वर्षानुवर्षं हेच करतंय. मी त्याच पाइपातून हिचं मशीन चालवलं. वर कंडिशनर, तो खेचून खेचून घेणार. घरातला व्होल्टेज मी रोज मोजला. खड्ड्यातला एकदाही नाही.

आणि मीठ. मीच टाकलं.

मशीन बंद केलं. बाहेर जाऊन कौसाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. भाकरी तव्यावर टाकली, मग म्हणाली, "माझी नात तिथंच खेळती मामा."

मी म्हणालो, शेळीची भरपाई... ती म्हणाली, "नगा बोलू तसलं."

मग मी उठताना, पाठमोरी, "मग मामीचं मशीन?"



२३ मार्च
गयाला मी सांगणार नव्हतो. तिनंच विचारलं, दूध का नाही आलं. सांगावं लागलं.

तिनं नळी काढून माझ्या हातात दिली. "बंद करा ते."

"बंदच आहे. हा सिलेंडर आहे."

"हा संपल्यावर बी लावू नका. मी अशीच बसते."

अशीच बसते म्हणजे काय, तिला माहीत आहे. मलाही.

२४ मार्च
न्यूट्रलवर लावून बघितलं. पुन्हा जुन्या तारेवर. वारा होता. रिले कट-कट-कट, मुनीर म्हणाला होता तसंच, मग एकदम पांढरा उजेड आणि काळं बटण फुटलं. मशीन वाचलं. बटणानं जीव दिला, ते त्याचं कामच होतं. पण माझ्याकडं दुसरं नाही.

२५ मार्च
मुनीरला फोन. सगळं सांगितलं.

"चाचा, लाईट जमिनीत टाकायची बात मला बोलला असता तर मी ट्रान्सफॉर्मर दिलाच नसता."

मी म्हणालो, तूच म्हणालास एका जागी बसव.

"होय, बोललो. मला काय ठावं तुमी जमिनीत बसवणार." मग मऊ आवाजात, "चाची कशी हाय?"

दुसरा उपाय सांग म्हणालो. तो म्हणाला, उपाय एकच, डीपीपासून तुमच्या घरापर्यंत न्यूट्रलची नवी तार. बाकी सब खेल हाय.

खेळच म्हणाला. बरोबर आहे त्याचं.

२६ मार्च
सिलेंडर भरून आणला. दिवस गेला. कौसाबाई हिच्याजवळ बसली नाही, तिच्या सुनेला पाठवलं. सून बोलत नाही, मोबाईल बघते. पण बसली.

दिगंबरला सांगितलं. तो ओरडला. "आबा, माणूस मेलं असतं म्हणजे? जेल झाली असती! तोडून टाका ते सगळं!" मग रडायला लागला. मग मी त्याला समजावत बसलो.

२८ मार्च
खड्ड्याभोवती बाभळीच्या काट्या रचल्या. संध्याकाळी बघतो तर शेळ्या आरामात पाला खातायत, शेंगा खातायत, काट्यांतून तोंड घालून. शेळीला बाभळीचं कुंपण घालणारा गावात मी एकटाच. हसू आलं आणि तिथंच बसून राहिलो.

मग प्लास्टिकचं पिंप उलटं टाकलं पाइपावर. पण ओली माती पिंपाबाहेरही आहे. पाणी ओतलं नाही तर लाईट येत नाही, पाणी ओतलं तर माती ओली.

३० मार्च
पाडवा. गुढी उभारली नाही, लिंबाचा पाला आणून हिच्या उशाशी ठेवला. तिनं एक पान चावलं. ओठ निळसर. नखंही. सिलेंडर बारीक करून करून पुरवतोय, ते बारीक तिला पुरत नाही.

म्हणालो, लावू का थोडा वेळ? मी मागं उभा राहतो.

मान हलवली. नाही.

दुपारी तिला ग्लानी आली. मी मशीन लावलं, पाइपावरच. तिनं नळी काढली नाही. काढायला ताकद नव्हती. मी तिच्या ताकद नसण्याचा फायदा घेतला, दुसरं काय.

मग पळत मागं. काठी घेऊन पोत्यावर बसलो. उन्हात. शेळ्या आल्या नाहीत, कोंबड्या आल्या, हुसकल्या. मशीनची धडधड भिंतीतून ऐकू येते. टूं झालं तर कळेल. पण ती हाक मारेल तर कळेल का? तिचा आवाज भिंतीपलीकडं येत नाही आता.

आत बसलो तर मागं कुणी नाही. मागं बसलो तर ती एकटी.

३१ मार्च
तिला कळलं. ओठ जरा बरे दिसतात म्हणून कळलं. एवढंच म्हणाली, "किती वेळ बसला होता उन्हात?"

मुनीरनं पाडव्याला म्हणून फोन केला, त्याची ईद आज. शिरखुर्मा पाठवतो म्हणाला, चाचीला गोड चालतं ना?

२ एप्रिल
वायरमनकडं गेलो. मार्च एंडिंग झालं म्हणालो. तो म्हणाला, "झालं की. आता नवीन बजट येऊ द्या." शेळीचं त्याला कळलेलं आहे. माझ्याकडं न बघता म्हणाला, "अर्थिंगवर घ्या असं मी म्हणलं न्हवतो हां मामा."

मी भांडलो नाही. त्याची तार पाहिजे, भांडण नको. म्हणालो, डीपीपासून माझ्या घरापर्यंत मी खांब रोवतो, तार मी आणतो, तुम्ही नुसती जोडा. तो म्हणाला, बघतो. बघतो म्हणताना त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. त्याला आशा म्हणायचं का, माहीत नाही.

३ एप्रिल
दिगंबर म्हणतो बारा तारखेला गाडी घेऊन येतो, गाडीत मोठा सिलेंडर घेऊन, आईला घेऊन जाणारच. गया ऐकून म्हणाली, "त्याला म्हणावं ये. मी जायचं तवा बगू."

दुपारी मशीन, मी मागं. कौसाबाई शेळ्या घेऊन रानातून आली. मला बघितलं, थांबली, आणि शेळ्या वळवून पाटलाच्या गल्लीनं लांबून घेऊन गेली. रोज लांबून जाणार आता. उन्हात, माझ्यामुळं. नात तिच्या कडेवर.

५ एप्रिल
आज कौसाबाई बोलली. मी पोत्यावर बसलेला, ती कुडाच्या पलीकडं.

"मामा, जेवलाव का?"

"जेवतो मशीन बंद केल्यावर."

"मी बसते इथं. जा."

मी उठलो नाही. तिला त्या मातीजवळ कसं बसवू? तीच शेळी गेलेली जागा. म्हणालो, नको. ती म्हणाली, "मग मामीपाशी बसते." आणि पुढच्या दारानं आत गेली. भिंतीतून दोघींचं काही ऐकू आलं नाही, मशीनच तेवढं.

थोड्या वेळानं लाईट गेली. सगळ्या गावाचीच. टूंऽ. माती आता नुसती माती. मी तिच्यावरून चालत आत आलो.

सिलेंडरचा काटा खाली टेकत आलाय. कौसाबाई हिचे पाय चोळत होती, मला बघून उठली नाही. मी खिडकीशी उभा राहिलो. लाईट यावी असं वाटत होतं. येऊ नये असंही, मागं मातीपाशी आता कुणी नव्हतं.

गयानं डोळे न उघडता विचारलं, "आली का?"

"न्हाई अजून," मी म्हणालो.